मांजराचे पिलू का घुरघुरते?

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



दर महिन्याच्या सभेत एकीने चार शब्द बोलावयाचे, असा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. आजवर कुणी वर्षाच्या मसाल्यावर बोलल्या, कुणी बँकेच्या पासबुकावर, तर कुणी लहान मुलांच्या खोकल्यावर. माझी पाळी आली तेव्हा चिटणीसबाईंनी विचारले, "वहिनी, तुमचा विषय काय लिहू?" मी म्हटले, "लिहा, मांजराचे पिलू का घुरघुरते." त्या हसल्या, पण लिहून घेतले. विषय लहान आहे हे मलाही कबूल आहे. परंतु आपल्या आळीत मांजर नाही असे घर शोधावे लागेल, आणि जे रोज कानांवर पडते त्याचा अर्थ एकदा नीट समजून घ्यावा, इतकाच माझा हेतू आहे.

मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. शास्त्रातले जे सांगेन ते पशुवैद्य डॉक्टरांना विचारून व मुलीकडून वाचून घेऊन सांगेन. बाकीचे आमच्या कोठीच्या खोलीत मी स्वतः पाहिलेले आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. कुत्रा गुरगुरतो आणि मांजर घुरघुरते. अक्षराचा फरक एवढासा, पण अर्थात जमीनअस्मानाचे अंतर! गुरगुरणारा सांगतो, "लांब राहा." घुरघुरणारे काय सांगते? तुम्ही म्हणाल, त्यात काय विचारायचे, मांजर सुखात असले की घुरघुरते. मांडीवर घेतले, मानेखाली खाजवले, की झाले सुरू. हे खोटे नाही. पण हे अर्धेच आहे. उरलेले अर्धे सांगावे म्हणूनच मी आज उभी आहे.

आमची ठमी दोन वर्षांपूर्वी कोठीच्या खोलीत, तांदळाच्या पिंपामागे जुन्या गोधडीवर व्याली. तीन पिले झाली. मांजरीचे दिवस साधारण नऊ आठवड्यांचे. पिलू जन्मते तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात, कानांची भोकेही उघडलेली नसतात. डोळे उघडायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे त्या जिवाला ना दिसते, ना ऐकू येते. त्याला कळते ते फक्त ऊब, वास आणि स्पर्श. आपल्या अंगाची ऊबही त्याला स्वतःची स्वतः राखता येत नाही. आईच्या पोटाशी असेल तर ते जगते, बाजूला घरंगळले तर गारठते.

असे हे आंधळे, बहिरे पिलू जन्मल्यावर थोड्याच दिवसांत घुरघुरू लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिले दूध पीत असताना मी एकाच्या पाठीवर बोट टेकवून पाहिले. ठमी मला ओळखते म्हणून तिने चालू दिले. आवाज असा काही कानांवर आला नाही, पण बोटाला बारीक थरथर जाणवली. भिंतीपलीकडे कुणी शिवणाचे यंत्र चालवीत असावे आणि भिंतीला हात लावल्यावर कळावे, तशी. दूध पिताना पिलू पुढचे दोन्ही पाय आलटून पालटून आईच्या पोटावर दाबीत असते, जणू कणीक मळते आहे. त्याने दूध सुटण्यास मदत होते. मोठे झालेले मांजर आपल्या मांडीवर येऊन तसेच पाय दाबते आणि घुरघुरते, ती ह्याच तान्हेपणाची आठवण.

आता पिलाला घुरघुरण्याची गरज काय? विचार करा. त्याचे तोंड आईच्या सडाला लागलेले असते. म्याव करायचे तर तोंड सोडावे लागेल, आणि तीन-चार भावंडांच्या गर्दीत सुटलेली जागा पुन्हा मिळेलच असे नाही. घुरघूर मात्र तोंड न उघडता होते आणि दूध पिता पिताच चालू राहते. आईला पोटावर ती थरथर कळते. पिले जागेवर आहेत, पीत आहेत, तिला उठण्याचे कारण नाही. आईही घुरघुरते. तिचा आवाज पिलांना ऐकू येत नसला तरी अंगाचे कापणे कळते, आणि त्या कापण्याच्या रोखाने ती तिच्याकडे सरकतात, असे जाणकार मानतात. दिवा नाही, हाक नाही, नुसत्या थरथरीवर मायलेकरांचे बोलणे चाललेले असते. शिवाय हा आवाज इतका हलका, की दाराबाहेरच्या बोक्याला किंवा कुत्र्याला त्याचा मागमूस लागू नये. म्हणजे घुरघुरण्याचा जन्म गालिच्यावर लोळण्याच्या सुखात झालेला नाही. तो अंधारात, आईला धरून राहण्याच्या गरजेत झालेला आहे. ही गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

हा आवाज निघतो कोठून, ह्याचे शास्त्रज्ञांनाही बरेच दिवस कोडे होते. छातीतील मोठ्या शिरेतून रक्त जोराने वाहते त्याचा तो आवाज, असे पूर्वी काहीजण मानीत. पुढे १९७२ साली परदेशात तपासणी झाली आणि घशातील स्वरयंत्राचे स्नायू घुरघुरताना एका ठेक्यात आवळतात व सैल होतात, असे दिसून आले. त्यामुळे आवाजाची वाट दर सेकंदाला अनेक वेळा उघडझाप करते. आपण गातो किंवा बोलतो ते श्वास सोडताना. मांजर मात्र श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा घुरघुरते. म्हणून तिची घुरघूर जात्यासारखी अखंड चालते, मध्ये तुटत नाही.

ह्यात एक गंमत आहे. लहान प्राण्याचा आवाज बारीक असावयाचा, हा सर्वसाधारण नियम. आपण बायका बोलतो तेव्हा गळ्यातील पडदे सेकंदाला सुमारे दोनशे वेळा कापतात. आपल्यापुढे मांजर ते केवढे! पण तिची घुरघूर सेकंदाला अवघी पंचवीस ते तीस कंपने, म्हणजे आपल्यापेक्षा पुष्कळच खर्जातील. एवढ्याशा गळ्यातून एवढा खर्ज कसा? ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथील शास्त्रज्ञ ख्रिश्चन हर्ब्स्ट व त्यांचे सहकारी ह्यांनी २०२३ साली ह्याचा शोध घेतला. दुर्धर आजारामुळे जीवन संपवावे लागलेल्या आठ मांजरांची स्वरयंत्रे त्यांनी घेतली व त्यांतून गरम, ओलसर हवा सोडली. आत ना मेंदूचा हुकूम, ना स्नायूंची हालचाल. तरीही तोच पंचवीस-तीस कंपनांचा आवाज निघाला. तेथील पडद्यांत गादीसारखे जाडसर भाग आढळले. पडदे जड झाल्यामुळे ते सावकाश हलतात आणि खर्ज लागतो, असा त्यांनी तर्क केला. जिवंत मांजरीत स्नायूंचा वाटा किती आणि ह्या गाद्यांचा किती, हा वाद अजून चालू आहे. चालू द्या. आपल्यापुरते इतके पुरे, की ह्या घुरघुरीची सोय देवाने मांजरीच्या गळ्यातच करून ठेवली आहे.

जाता जाता मुलांना सांगण्याजोगे एक. वाघ, सिंह आणि बिबट्या डरकाळी फोडतात, पण आपल्या मनीसारखे घुरघुरत नाहीत. चित्ता मात्र घुरघुरतो आणि त्याला डरकाळी येत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशात कुनोच्या जंगलात आणले, ते तुम्हांला आठवत असेल. ते एवढे दांडगे जनावर, पण आवाजाच्या बाबतीत ठमीच्या गोतातले!

आता अर्थाकडे वळू. पहिला अर्थ भुकेचा. सकाळी सहाला, गॅस पेटवायच्या आधी, मांजर पायांत घोटाळत घुरघुरते ती घुरघूर आणि दुपारी उन्हात पडून घुरघुरते ती, ह्या दोन एक नव्हेत. तुमच्या कानांना हे माहीत आहे, फक्त आपण तसे बोलून दाखवीत नाही. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या कॅरेन मॅकोम्ब ह्या बाईंना त्यांचे मांजर रोज पहाटे असेच घुरघुरून उठवी. त्यांनी ती गोष्ट मनावर घेतली आणि २००९ साली तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. दहा मांजरांचे दोन्ही प्रकारचे आवाज घेऊन त्यांनी पन्नास माणसांना ऐकविले. ज्यांनी जन्मात मांजर पाळले नव्हते त्यांनाही भुकेची घुरघूर अधिक निकडीची वाटली. कारण काय? त्या खर्जाच्या आत एक बारीक, उंच सूर लपलेला होता, सेकंदाला सुमारे ३८० कंपनांचा; म्हणजे तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या पट्टीजवळचा. तो सूर काढून टाकून तोच आवाज ऐकविला, तेव्हा निकड कमी झाली.

मैत्रिणींनो, हे ऐकले आणि मला आपल्या सटवाईची आठवण झाली. मूल जन्मल्यावर आपल्याकडे सहाव्या रात्री तिची पूजा होते. ह्या षष्ठीदेवीचे वाहन कोणते, ठाऊक आहे ना? मांजर. बाळाचे आणि मांजराचे नाते ज्यांनी जोडले त्यांच्याजवळ यंत्रे नव्हती, पण कान होते.

दुसरा अर्थ दुखण्याचा, आणि हा मात्र सगळ्यांनी नीट ऐकावा. मांजर व्यायला लागते तेव्हा कळा येत असतानाही घुरघुरते. जखमी झालेले मांजर घुरघुरते. मरणाच्या दारी असलेले मांजरही कधी कधी घुरघुरते. गेल्या वर्षी पावसाळ्यात ठमीला आळीच्या तोंडाशी एका दुचाकीचा धक्का बसला. ती कशीबशी घरी आली आणि पलंगाखाली जाऊन बसली. शेजारच्या काकू बघायला आल्या. वाकून ऐकतात तो घुर्र घुर्र चाललेले. त्या म्हणाल्या, "अगं, घुरघुरतेय की! काही झालं नाही तिला. उगीच घाबरू नकोस." काकूंचे मन प्रेमळ, आणि जगाची रीतही तशीच. परंतु मी तिला तान्ही असल्यापासून पाहिलेली. तिचे कान मागे पडलेले होते, पाठ कुबडासारखी वर आलेली, डोळे अर्धे मिटलेले. पुढे दूधभात ठेवला तर तिने वासही घेतला नाही. श्वास भराभर चाललेला. मी काकूंना म्हटले, "काकू, आवाज सुखाचा आहे, पण अंग सुखाचे नाही." तिला टोपलीत घातले, वर पंचा बांधला आणि जनावरांच्या दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी नळी छातीला लावली तर त्यांना घुरघुरीपुढे काळजाचे ठोकेच ऐकू येईनात! तेव्हा त्यांनी काय करावे? कोपऱ्यातल्या मोरीचा नळ भसकन् सोडला. पाण्याचा आवाज होताच ठमी चपापली आणि घुरघूर थांबली. तेवढ्यात त्यांनी ठोके मोजून घेतले. ही पशुवैद्यांची नेहमीची युक्ती आहे, असे ते म्हणाले. फोटो काढला तर कमरेचे हाड मोडलेले. मी विचारले, "डॉक्टर, इतके दुखत असता ही घुरघुरते कशी?" ते म्हणाले, "बाई, लहान मूल घाबरले की स्वतःलाच थोपटते तसे समजा. आणि जवळच्या माणसाला ती म्हणते आहे, मला सोडून जाऊ नका." सहा आठवडे तिला मोठ्या खोक्यात बसवून ठेवले. हाड जुळले. आता ती थोडी तिरकी चालते, पण भिंतीवर चढते.

येथे एका समजुतीविषयी सांगितले पाहिजे, कारण मोबाईलवर ती सारखी फिरत असते. मांजराच्या घुरघुरीने हाडे जुळतात, गुडघे बरे होतात, असे म्हणतात. ठरावीक बारीक कंपनांचा हाडांवर काय परिणाम होतो ह्याचे प्रयोग झाले आहेत, आणि घुरघुरीची कंपने त्याच सुमाराची आहेत, हे खरे. त्यावरून मांजर स्वतःला बरे करीत असेल, असा तर्क काहींनी मांडला. पण तो तर्कच आहे, सिद्ध झालेला नाही. ठमीचे हाड डॉक्टरांच्या औषधाने व विश्रांतीने जुळले, असेच मी धरून चालते. तेव्हा मैत्रिणींनो, मांजर मांडीवर जरूर घ्या, मनाला बरे वाटते; गुडघ्यासाठी मात्र डॉक्टरांकडेच जा.

मग ह्या सगळ्याचा एक अर्थ कोणता? दूध पिणारे पिलू घुरघुरते, भुकेले मांजर घुरघुरते, उन्हात पडलेले घुरघुरते आणि हाड मोडलेलेही घुरघुरते. सुख म्हणावे तर दुखणाऱ्याला लागू नाही, दुःख म्हणावे तर सुखी जिवाला लागू नाही. मला वाटते, अंधारात आईच्या पोटाशी ते जे पहिल्यांदा बोलले, तेच जन्मभर बोलते: "मी इथे आहे. तू जवळ राहा." सुखात असले तरी तेच, दुखले तरी तेच. ते कोणत्या अवस्थेत बोलते आहे, हे मात्र आवाजावरून कळत नाही. त्यासाठी वाकून पाहावे लागते. कान कसे आहेत, डोळे कसे आहेत, खाल्ले आहे की नाही, हे पाहावे लागते.

आणि हे फक्त मांजराला लागू आहे का? आमच्या थोरल्या जाऊबाई येथे समोरच बसल्या आहेत. त्यांना विचारूनच सांगते. त्यांना काम करताना गुणगुणण्याची सवय. पोळ्या लाटताना, पापड वाळत घालताना त्यांचे चालूच असते. घरातले सगळे म्हणत, "वहिनी काय आनंदी!" ठमीच्या दुखण्यानंतर माझी नजर जरा निराळी झाली होती. ध्यानात आले, की जेवणानंतर त्यांचे गुणगुणणे वाढते आणि त्याच वेळी डावा हात लाटण्यावर राहून उजवा हात बरगडीखाली जातो. मी त्यांना एकटीला गाठून विचारले. म्हणाल्या, "काही नाही गं, जरा पित्त आहे. गुणगुणलं की विसरायला होतं." चार महिने दुखणे अंगावर काढीत होत्या! तपासणी केली तेव्हा पित्ताशयात खडे निघाले. वेळेवर शस्त्रक्रिया झाली. आज त्या पुन्हा गुणगुणतात, पण हात बरगडीखाली जात नाही.

आपण बायका पुष्कळजणी अशाच. "कशी आहेस?" म्हटले की "बरी आहे" हे उत्तर तयार. म्हणून माझी विनंती आहे, की शेजारणीचे "बरी आहे" ऐकून उंबऱ्यावरूनच परत फिरू नका. क्षणभर आत जाऊन बसा. तिने खाल्ले का, झोप लागते का, हे पहा. मंडळ कशासाठी असते? हळदीकुंकवासाठी असतेच, पण ह्यासाठीही असते.

आता शेवटी पिलांविषयी थोडे व्यवहाराचे. आपल्या आळीत उन्हाळ्यात जिने, माळे आणि अडगळीच्या जागा पिलांनी भरतात. मांजर पिलांना सात घरे फिरवते, ही म्हण खरीच आहे. जागा सुरक्षित वाटली नाही की ती एकेक करून हलवते. म्हणून एकटे पिलू दिसले की लगेच उचलू नका. लांबून काही वेळ वाट पाहा. अंग उबदार आणि पिलू स्वस्थ असेल तर आई बहुधा जवळपास असते. गार पडलेले असेल आणि सारखे ओरडत असेल तर मात्र मदत हवी. आधी ऊब द्या, कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली जवळ ठेवा, मग दुधाचे पाहा. गारठलेल्या पिलाला दूध पाजू नये, पचत नाही. गाईच्या दुधाने पुष्कळ पिलांना जुलाब होतात, तेव्हा पशुवैद्यांना विचारून पिलांसाठी मिळणारे दूध आणावे. पाजताना त्याला उताणे धरू नये, पोटावरच ठेवावे. पहिले तीन आठवडे पिलाला शी-शूसुद्धा आपणहून करता येत नाही. आई चाटते तेव्हा होते. आई नसेल तर ओल्या कोमट कापसाच्या बोळ्याने ते काम आपण करावयाचे.

आणि एक. पिलू गोजिरवाणे दिसते म्हणून तीन आठवड्यांचे पिलू मुलांच्या हट्टाखातर घरी नेऊ नका. निदान आठ आठवडे त्याला आईपाशी राहू द्या. त्या काळात आईकडे जाऊन त्याला हळूच हात लावीत जा, म्हणजे त्याला माणसाची ओळख होते. मग ते तुमच्या घरी येईल, पहिले दोन दिवस पलंगाखाली बसेल, आणि एका संध्याकाळी तुमच्या पायाशी येऊन घुरघुरू लागेल. त्या वेळी हातातले काम क्षणभर बाजूला ठेवा, वाकून त्याच्याकडे पाहा आणि ते काय म्हणते आहे ते ऐका.